आडनाव एकच, एक मैदानावर आणि एक रंगमंचावर : क्विझसाठी जोड्या सुचवा

घंटी_दाबा

क्विझमध्ये एक फेरी "आडनाव ओळखा" अशी ठेवायची आहे. दोन सूत्रं द्यायची, एक खेळाडूचं आणि एक नाटक-सिनेमा-संगीतातल्या माणसाचं. दोघांचं सामायिक आडनाव हे उत्तर. १२ प्रश्न, प्रत्येकी ३० सेकंद, सहा संघ. प्रेक्षक मराठी, शाळकरी पोरांपासून निवृत्तांपर्यंत सगळे.

तेंडुलकर, मांजरेकर, पाटील ही तीन नावं कोणालाही झोपेत सुचतील. त्यापुढचं हवंय, आणि सगळं क्रिकेट नको. खान, कपूर, शर्मा, सिंग बाद, कारण त्यात ओळखण्यासारखं काही उरत नाही.

जोड्या तर सांगाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा फेरीत हरकती कुठून येतात आणि सूत्रं कोणत्या क्रमाने द्यावीत, तेही सांगा.

---

फॉरवर्ड_शॉर्टलेग

सुचणारी तीन नावं टाकून देऊ नका, फक्त सूत्र बदला. तेंडुलकरमध्ये 'शतकांचं शतक' म्हटलंत की प्रश्न मेला. त्याऐवजी विचारा : "वडील कवी आणि प्राध्यापक, मुलाचं नाव संगीतकारावरून ठेवलं", आणि दुसरं सूत्र "दूरदर्शनवरची 'रजनी'". सचिनचे वडील रमेश तेंडुलकर, नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून. रजनी म्हणजे प्रिया तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर हे विजय तेंडुलकरांचे धाकटे भाऊ. रमेश, विजय आणि मंगेश या तिघांची गल्लत इतकी सर्रास होते की सूत्रात 'वडील लेखक' एवढंच लिहिलंत तर दोन संघ दोन वेगळ्या माणसांवरून एकाच उत्तराला पोचतील आणि मग वाद घालत बसतील.

मांजरेकरमध्येही तसंच. विजय (५५ कसोटी, ३२०८ धावा) आणि संजय (लाहोर १९८९, २१८ धावा आणि धावबाद) हे बापलेक, पण 'वास्तव'वाले महेश मांजरेकर त्या घरातले नाहीत. 'एकाच घराण्यातले' असं चुकूनही छापू नका.

पाटीलची गंमत अशी की संदीप पाटील एकटाच दोन्ही बाजूंना बसतो. ॲडलेडला १७४, १९८३ चा विश्वचषक, आणि १९८५ मध्ये 'कभी अजनबी थे' सिनेमाचा नायक. पुढे '८३' सिनेमात त्याची भूमिका त्याच्याच मुलाने, चिराग पाटीलने केली. त्यामुळे हा प्रश्न स्मिता पाटीलकडे न नेता बापलेकांवरच ठेवता येतो.

आता कमी घासलेली नावं.

कांबळी. 'वस्त्रहरण'मधले तात्या सरपंच, म्हणजे मच्छिंद्र कांबळी, आणि १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ करणारा विनोद. १७ कसोटींत सरासरी ५४.२०. मालवणी प्रेक्षक असतील तर घंटी दुसऱ्या सेकंदाला वाजेल, म्हणून 'मालवणी' हा शब्द सूत्रात घालू नका.

गुप्ते. माझ्या मते क्रिकेटमधली ही सगळ्यात चांगली जोडी. लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी कानपूरला १९५८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. भाऊ बाळू गुप्तेही कसोटी खेळले. समोर अवधूत गुप्ते, वंदना गुप्ते, अमोल गुप्ते. ज्येष्ठांना पहिलं सूत्र येतं, तरुणांना दुसरं, म्हणजे संघात दोन्ही वयांची माणसं लागतात.

शिंदे. सदू शिंदे, दिल्लीची कसोटी १९५१, इंग्लंडविरुद्ध ९१ धावांत ६ बळी. पलीकडे प्रल्हाद शिंदे ते सयाजी शिंदे, हवा तो निवडा.

देसाई. रमाकांत देसाई, अंगकाठी छोटी पण चेंडू जलद, २८ कसोटी ७४ बळी. पलीकडे संगीतकार वसंत देसाई किंवा दिग्दर्शक मनमोहन देसाई. एक कोकणी, एक गुजराती. देसाई हे मुळात वतनाचं नाव असल्यामुळे ते दोन्हीकडे आहे. देशमुख, कुलकर्णी, पाटील, इनामदार यांचंही तेच. वतनी आडनावात नात्याचा संबंध लावायचाच नाही.

राऊत. पूनम राऊत, २०१७ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर ८६. समोर 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी'चा दिग्दर्शक ओम राऊत.

भावे अवघड म्हणून ठेवा : महाराष्ट्राचे सलामीवीर सुरेंद्र भावे भारतासाठी कधी खेळले नाहीत, पुढे निवड समितीत आले. सुबोध भावे, अश्विनी भावे, सुमित्रा भावे सगळ्यांना माहीत. म्हणजे इथे खेळाचं सूत्र आधी देऊन चालतं.

---

तिसरी_घंटा

वर गुप्ते आलंय म्हणून तिथूनच धागा पकडतो. वंदना गुप्ते या गायिका माणिक वर्मांच्या कन्या. त्यांच्या बहिणी भारती आचरेकर आणि राणी वर्मा. आई स्वतः माहेरच्या दादरकर. म्हणजे एकाच घरातून तीन आडनावं रंगभूमी-संगीताला मिळाली, आणि त्यातली दोन मैदानावर सापडतात :

– गुप्ते : वर आलंच.
– आचरेकर : 'वागळे की दुनिया'तल्या भारती आचरेकर आणि शिवाजी पार्कचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर (द्रोणाचार्य १९९०, पद्मश्री २०१०).

आचरेकर हा प्रश्न हमखास चालतो, कारण एकही संघ या दोघांना एका दमात आठवत नाही, आणि उत्तर कळल्यावर मात्र प्रत्येकजण कपाळावर हात मारतो. फेरीत असा प्रश्न शेवटून दुसरा ठेवावा.

यातून नियम निघतो तो असा : अभिनेत्री आणि गायिकांच्या बाबतीत आडनाव कुठून आलंय ते आधी पाहा. आशा भोसले जन्माने मंगेशकर. ललिता पवार माहेरच्या सगुण. जेनेलिया देशमुख आधी डिसूझा. सई परांजपे यांचं आडनाव आईकडचं, रँग्लर परांजप्यांच्या घरातलं, वडील रशियन. प्रश्न चुकत नाही, पण 'जन्म अमुक घराण्यात' असं सूत्र लिहिलंत तर चुकतो.

परांजपेची जोडीही घ्या : जतीन परांजपे (१९९८, चार एकदिवसीय) आणि त्याचे वडील, प्रशिक्षक वासू परांजपे. पलीकडे 'जगाच्या पाठीवर'चे राजा परांजपे.

दुसरी गोष्ट, रंगमंचावरची नावं. गंधर्व हे आडनाव नाही. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. उपाधी आणि आडनाव एकत्र आलं की परीक्षकाची पंचाईत. हीच बाजू उलटी वापरली तर प्रश्न भारी होतो : "बेंगळुरूतला मराठी घरातला शिवाजीराव, तमिळ पडद्यावर वेगळ्याच नावाने देव झाला", आणि दुसरं सूत्र "अंशुमन आणि त्यांचे वडील दत्ताजीराव". उत्तर गायकवाड. ऋतुराजचं नाव सूत्रात घेऊ नका, मग काही उरत नाही.

त्याच जातीचा दुसरा : पदुकोण. ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा १९८० मध्ये जिंकणारे प्रकाश पदुकोण, आणि दिग्दर्शक गुरुदत्त, ज्यांचं मूळ नाव वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. पदुकोण हे उडुपी जिल्ह्यातल्या गावाचं नाव. दीपिकाला या प्रश्नात आणायचं नाही, ती आली की तिसरी पासची पोरं पण घंटी दाबतील.

---

शंकासुर

जोड्या छान आहेत. आता हरकती कुठून येतात ते बघा. बहुतेक वाद एकाच कारणाने होतात : यादी इंग्रजी स्पेलिंगवरून केलेली असते.

मराठीत वेगळी असलेली ही आडनावं रोमन लिपीत किंवा घाईत एकसारखी वाटतात :

वाडेकर / वाडकर. १९७१ चा कर्णधार अजित वाडेकर, गायक सुरेश वाडकर. ही जोडी नाही.

फडकर / फडके. अष्टपैलू दत्तू फडकर (३१ कसोटी), 'गीतरामायण'चे सुधीर फडके. दोघांचाही जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे माणूस अजूनच फसतो.

कानिटकर / कानेटकर. हृषीकेश कानिटकर, ढाका १९९८, दोन चेंडूंत तीन हवे असताना सकलेनला चौकार. 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे वसंत कानेटकर. जोडी नाही.

पवार / पोवार. ऑफस्पिनर रमेश पोवार, ललिता पवार. इंग्रजी वृत्तपत्रातलं कात्रण समोर असलं की हे हटकून एकत्र येतात.

उलटही होतं. इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेलं आडनाव मराठीत एकच निघतं. बडोद्याचे गायकवाड आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड यांची रोमन स्पेलिंगं वेगळी आहेत, तरी जोडी बरोबर. दोन सोनाली कुलकर्णींचंही तसंच, एकीच्या स्पेलिंगात एक अक्षर जास्त, देवनागरीत काडीचा फरक नाही. म्हणून यादी देवनागरीत करा आणि नियमपत्रिकेत एक ओळ छापून टाका : "आडनाव मराठी लेखनाप्रमाणे धरले जाईल." ही ओळ आधी वाचून दाखवली की निम्म्या हरकती उभ्याच राहत नाहीत.

या सापळ्यांपैकी एखादा मुद्दाम ठेवायचा मोह होईल. '१९७१ चा कर्णधार' आणि 'कोल्हापूरचा गायक' अशी सूत्रं देऊन 'सामायिक आडनाव नाही' असं उत्तर? करू नका. फेरीचा करारच 'आडनाव एक आहे' असा आहे, तो तुम्हीच मोडलात तर पुढच्या प्रत्येक प्रश्नावर संघ संशय घेतात. सापळा हवाच असेल तर वेगळी बोनस फेरी : तीन जोड्या दाखवा, त्यातली खोटी ओळखा.

पुढची अडचण म्हणजे पूर्ण नावच सारखं असणं. उमेश कुलकर्णी घ्या. एक डावखुरा मध्यमगती गोलंदाज, पहिली कसोटी ॲडलेड, डिसेंबर १९६७, एकूण ४ कसोटी. दुसरा 'वळू' आणि 'देऊळ'चा दिग्दर्शक. इथे उत्तर 'कुलकर्णी' न मागता पूर्ण नाव मागा, दुप्पट गुण द्या. पण नुसतं कुलकर्णी विचारायचं असेल तर नीलेश कुलकर्णी घ्या : १९९७, कोलंबो, कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी, आणि मग श्रीलंकेने ६ बाद ९५२ केल्या. हे सूत्र असलं की मनोरंजनाकडचा कुठलाही कुलकर्णी चालतो, आणि ते अर्धा डझन आहेत.

पडताळणी कशी करायची? प्रत्येक माणसासाठी एक कार्ड. त्यावर चारच गोष्टी : तीन भागांचं पूर्ण नाव, जन्माचं आडनाव वेगळं असेल तर ते, प्रश्नात वापरलेला एक आकडा, आणि 'नातं : आहे / नाही / लिहायचं नाही'. वडिलांचं नाव जुळलं नाही की गल्लत तिथेच सापडते. आकडा खेळाडूच्या धावफलकावरून घ्यायचा, चरित्रलेखावरून नाही. लेखांमध्ये 'सुमारे' आणि 'जवळजवळ' फार असतं.

---

आट्यापाट्या

क्रिकेटबाहेरचं कोणीच नीट बोललं नाही, म्हणून.

साबळे. फेरीची सुरुवात याने करा. 'जय जय महाराष्ट्र माझा' लोकप्रिय करणारा आवाज, आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांची शर्यत) २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य. शाहीर साबळे आणि अविनाश साबळे. एक वाईजवळच्या पसरणीचे, एक बीडच्या आष्टी तालुक्यातला.

जाधव. खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, बँटमवेट कुस्तीत कांस्य. '१९५२' आणि 'हेलसिंकी' हे दोन शब्द म्हणजे थेट उत्तर, म्हणून सूत्र १९४८ चं द्या : लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला सहावे. समोर 'सही रे सही'चा भरत जाधव किंवा सिद्धार्थ.

देशमुख. दिव्या देशमुख, जुलै २०२५, बातुमीचा महिला बुद्धिबळ विश्वचषक, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून थेट ग्रँडमास्टर. समोर रितेश. सोपा आहे, शाळकरी पोरांसाठी एखादा असा लागतोच.

भोसले. ऋतुजा भोसले, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, रोहन बोपण्णासोबत टेनिस मिश्र दुहेरीत सुवर्ण. समोर आशा भोसले. इथे आशाबाईंचं गाणं वाजवू नका, 'बारा हजार गाणी' छापाचे आकडेही नकोत, आकड्यांवर वाद होतात. 'मंगेशकर म्हणून जन्मल्या' एवढं पुरे.

सावंत. तेजस्विनी सावंत, म्युनिक २०१०, ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती. समोर पूजा सावंत.

नाटेकर. हा माझा सगळ्यात आवडता. नंदू नाटेकर, १९५६, आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. मुलगा गौरव टेनिसपटू. आणि पलीकडे थेट किर्लोस्कर मंडळीतले बाळकोबा नाटेकर, १८८० चं 'संगीत शाकुंतल'. आडनावातच नाटक दडलंय म्हणून लोक उगाच घाबरतात आणि उत्तर देत नाहीत.

खाडिलकर. वर सगळे 'नातं नाही, नातं नाही' म्हणतायत, तर हे बघा नातं असलेलं. 'कीचकवध' आणि 'मानापमान'चे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. आणि वासंती, जयश्री, रोहिणी या बुद्धिबळपटू बहिणी, त्यांच्या पणत्या. मधला दुवा 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर. रोहिणी १९८१ ची आशियाई महिला विजेती. 'मानापमान' १९११ चं. म्हणजे सूत्र असं : "पणजोबांचं नाटक १९११ चं, पणतीचं आशियाई विजेतेपद १९८१ चं." सत्तर वर्षांचं अंतर सांगितलं की संघ आपोआप घराण्याचा विचार करू लागतात. हा शेवटचा प्रश्न.

---

घंटी_दाबा

भरपूर झालं, आभार. दोन शंका. मनोरंजनाचं सूत्र आधी की खेळाचं? आणि एका आडनावाची पाच-सहा माणसं असतील (कुलकर्णी, जाधव) तर संघाने भलतेच दोघे मनात धरून बरोबर उत्तर दिलं, तर गुण द्यायचे का?

---

शंकासुर

गुण द्यायचे. उत्तर 'आडनाव' आहे, 'माणूस' नाही. हाच या स्वरूपाचा फायदा. स्पष्टीकरण मागायचंच नाही. स्पष्टीकरण मागितलंत की परीक्षक, संघ आणि प्रेक्षक अशी तीन बाजूंची सभा सुरू होते आणि ३० सेकंदांच्या प्रश्नाला पाच मिनिटं लागतात.

फक्त पूर्ण नाव मागितलेल्या प्रश्नाला हे लागू नाही, ते कार्डावर आधी ठळक लिहून ठेवा.

---

फॉरवर्ड_शॉर्टलेग

क्रमाबद्दल : जे सूत्र कमी लोकांना येतं ते आधी. सरसकट खेळ आधी किंवा नाटक आधी असं करू नका, प्रश्नागणिक ठरवा. गुप्तेमध्ये १०२ धावांत ९ बळी आधी, अवधूत नंतर. साबळेमध्येही तसंच, स्टीपलचेसची वेळ आधी सांगा आणि महाराष्ट्र गीत नंतर, कारण गीत म्हटल्याबरोबर घंटी. आचरेकरमध्ये मात्र उलट, 'वागळे' आधी. 'शिवाजी पार्क' हा शब्द दुसऱ्या सूत्रातही नको, 'द्रोणाचार्य १९९०' म्हणा.

पहिल्या सूत्रावर उत्तर आलं तर २० गुण, दुसऱ्यानंतर १०. ३० सेकंदांची वाटणी १२ आणि १८ अशी करा, निम्मे-निम्मे नको. दुसऱ्या सूत्रानंतर संघाला आपसात बोलायला वेळ लागतो. चुकीच्या उत्तराला पहिल्या टप्प्यात वजा ५ ठेवा. नाहीतर कोणीतरी प्रत्येक प्रश्नाला 'पाटील, जाधव, शिंदे' फिरवत राहील आणि चारात एकदा लागेल.

---

तिसरी_घंटा

त्याच कारणाने बारापैकी फार मोठी आडनावं चारच ठेवा : जाधव, शिंदे, कुलकर्णी, देशमुख. बाकी आठ मधली किंवा दुर्मीळ, म्हणजे आचरेकर, गुप्ते, साबळे, खाडिलकर, नाटेकर, परांजपे, कांबळी, पदुकोण. बरोबरीसाठी गायकवाड आणि राऊत राखीव.

इराणीही सुचवणार होतो (यष्टिरक्षक जेनी इराणी, १९४७ चा ऑस्ट्रेलिया दौरा, समोर बोमन, अरुणा, 'आलम आरा'चे आर्देशीर), पण कोणीतरी इराणी करंडकाचा विषय काढेल, आणि तो खेळाडूच्या नावाने नाही, प्रशासक झाल इराणी यांच्या नावाने आहे. मर्चंटही तसाच : विजय मर्चंट यांचं मूळ आडनाव ठाकरसी, निर्माते इस्माईल मर्चंट यांचंही मूळ वेगळं. दोघांनीही घेतलेलं आडनाव जुळतंय. राखीव यादीत सगळ्यात खाली टाका, आणि वापरलंत तर सूत्रात 'मूळ आडनाव वेगळं' हे सांगूनच.

---

घंटी_दाबा

बारा आणि दोन राखीव पक्के. भावे वापरत नाही, सुरेंद्र भावे सहापैकी पाच संघांना येणार नाहीत असं दिसतंय. देवनागरीची ओळ नियमपत्रिकेत पहिलीच टाकतो. वाडेकर-वाडकर, फडकर-फडके आणि कानिटकर-कानेटकर या तीन खोट्या जोड्यांमध्ये साबळे मिसळून बोनसला ठेवायचं होतं, पण साबळे आधीच्या फेरीत गेलाय. तिथे खरी जोडी म्हणून देसाई घेतो : रमाकांत आणि वसंत.